बायकांना हक्क मिळाले की त्यांनी मिळवले?

कोरांटी
लेकीला शाळेतून प्रकल्प दिलाय, 'स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास'. आठवीत आहे. काल रात्री तिने लिहिलेलं तपासायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले. क्रियापदं बघा: सती बंद केली, शाळा काढली, पुनर्विवाह लावून दिले, मताचा हक्क दिला, मालमत्तेत वाटा दिला. देणारे सगळे पुरुष नाहीतर सरकार, आणि बायका आपल्या ओंजळ पुढे करून उभ्या. सावित्रीबाई आहेत, पण त्याही "जोतीरावांनी शिकवलं म्हणून". मी विचारलं, मग बायका काय करत होत्या गं तेव्हा? तर म्हणाली, "आई, तसं कुठे काही लिहिलेलंच नाहीये."
मला हे पटत नाही. दीडशे वर्षांत एवढं बदललं ते नुसतं कुणाच्या दयेने नाही बदलत. पण पटत नाही म्हणून काय वहीत लिहिता येत नाही ना, उदाहरणं पाहिजेत. महाराष्ट्रातली सांगा, जिथे बाई स्वतः बोलली, लिहिली, कोर्टात गेली, रस्त्यावर उतरली. सोमवारी वही द्यायचीय.

रानजाई
रखमाबाई! दुसरं नाव आठवायच्या आधी हे लिही.
अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, नवरा दादाजी भिकाजी. ती आईकडेच राहिली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, घरात पुस्तकं, ही वाचत वाढली. मोठी झाल्यावर नवऱ्याने नांदायला पाठवा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. कळत नसताना लावलेलं लग्न मला बांधील नाही, हे १८८७ साली एक बाई कोर्टाला सांगतेय!! त्याच काळात 'अ हिंदू लेडी' या सहीने तिची पत्रं टाइम्स ऑफ इंडियात छापून येत होती, बालविवाहावर आणि विधवांवर.
शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये दिले आणि ती सुटली. मग लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांच्या दवाखान्यात काम केलं. हिला कुणी काय दिलं सांगा?

चष्मिष
आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय १० वरून १२ केलं तो, त्याच्या मागे हीच खळबळ होती. रखमाबाईचा खटला, आणि बंगालमध्ये १८९० मध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली ते प्रकरण. १० वरून १२!! वाचताना घास अडकतो. आणि तेवढ्यालासुद्धा केवढा विरोध.

जुना_वाचक
थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका.
रखमाबाईंबद्दल आदर आहेच. पण अशा किती होत्या? एक, दोन, दहा. बाकीच्या लाखो बायकांच्या आयुष्यात जो फरक पडला तो शाळा काढणाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी पाडला आणि ते बहुतेक पुरुष होते, हे नाकारून चालणार नाही. जोतीराव, आगरकर, कर्वे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन करणार नाही, ही किती मोठी गोष्ट! स्वतःची मजुरी सोडली लोकांनी. र. धों. कर्व्यांनी १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवलं, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यापायी खटले सोसले. यांना वहीतून काढून टाकलं तर तोही अन्यायच. मुलीने दोन्ही लिहावं.

कोरांटी
काका, काढून टाकायचं नाहीचे कुणाला. फक्त अर्धंच चित्र दिसतंय एवढंच म्हणतेय मी.

सुई_दोरा
जुना_वाचक, कर्व्यांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी लग्न केलं त्या गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. म्हणजे त्या लग्नाआधी एका बाईने काढलेली शाळा होती. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, इंग्रजी धड येत नसताना १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि आश्रमासाठी पैसे जमवले. आणि केशवपन? ते त्यांनी स्वतःचं स्वतःच बंद केलं. संस्थेच्या पाटीवर एक नाव असतं हो, पण दारोदार फिरून रुपया रुपया कोण जमवत होतं ते पण लिहा ना.

विदर्भाचा_पाऊस
आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे राहिल्या की!
१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली (नंतर अपिलात कमी झाली). त्यावरून पेपरातून समस्त बायकांना बदफैली ठरवणारे लेख यायला लागले. ते वाचून ताराबाई एवढ्या खवळल्या की १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून छापलं. एकेक दुर्गुण घेतलाय, जो बायकांच्या माथी मारतात तो, आणि विचारलंय की हा पुरुषांत नाही का? विधवेचा दोष सांगता तर तिला त्या वाटेला नेणारा कोण होता? शास्त्रं लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही. भाषा तर अशी की चुलीपुढे बसून कुणी तोंडावर सुनावतंय असं वाटतं.
जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली होती. पण नंतर ते पुस्तक गडपच झालं. परत लोकांसमोर आलं ते थेट १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा. मधली नव्वद-एक वर्षं कुणाला पत्ता नाही. तर कोरांटीताई, तुमच्या लेकीचं "तसं कुठे लिहिलेलंच नाही" याचं उत्तर हे आहे. लिहिलेलं होतं. जपलं नाही कुणी.

रानजाई
वरच्या शेवटच्या दोन वाक्यांना हजार वेळा अनुमोदन.

निळी_पहाट
सगळे छान लिहितायत पण यादी बघा जरा, अजून माझ्या आजीसारख्या बायका कुठे आल्याच नाहीत.
१८५५ मध्ये मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, फुल्यांच्या शाळेतली. तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला. आमचा धर्म कोणता ते सांगा असं देवालाच विचारते. आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात हे लिहिते. चौदाव्या वर्षी! कोरांटी, तुमच्या लेकीच्याच वयाची की.
आणि नागपूर, २० जुलै १९४२. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब हजर, आणि समोर वीस-पंचवीस हजार बाया. ठराव काय केले? घटस्फोटाचा हक्क पाहिजे, एका बायकोवर दुसरी करायला बंदी पाहिजे, गिरणीत, विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा पाहिजे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आणि द्विभार्या बंदी यायला १९५५ उजाडलं. म्हणजे तेरा वर्षं आधी, ज्यांना सगळे अडाणी म्हणायचे त्या बाया हात वर करून हे मागत होत्या.
माझी आजी त्या परिषदेत नव्हती, तिची मोठी जाऊ होती. पांढरं लुगडं धुऊन नेसून गेली होती म्हणे, आणि परत आल्यावर नवऱ्याला पहिल्यांदा "अहो, बसा, मला बोलायचंय" म्हणाली. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात.

जुना_वाचक
निळी_पहाट, २० जुलै १९४२ ची ही परिषद मला माहीत नव्हती. साठी उलटली, आयुष्यभर वाचत आलो आणि हे ठाऊक नाही, वाईट वाटलं. मी वर "दहा" म्हणालो होतो ते मागे घेतो.

चष्मिष
काका _/\_

बाभूळ
विषयाला धरून एक प्रश्न. मताचा हक्क आपल्याकडे न भांडता मिळाला ना पण? विलायतेत बायका तुरुंगात गेल्या, उपास केले. आपल्याकडे १९५० ला घटना आली आणि सगळ्यांना एकदमच.

रानजाई
नाही हो बाभूळ. १९१७ मध्येच सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने बायकांचं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं, मत द्या म्हणून. विलायतेतल्या सरकारने ते प्रांतांवर ढकललं, मग १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतात बायकांना मत मिळालं, पण अटी होत्या मालमत्तेच्या वगैरे, त्यामुळे मूठभरच. सगळ्यांना मिळालं ते घटनेने.
आणि मिळाल्यावरही बघा काय झालं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला मतदार याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की नाव पाहिजे. तरी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, जास्त करून बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थानकडची. हक्क कागदावर आला तरी तो घ्यायला बाईला आधी नाव लागतं.

सुई_दोरा
नावावरून, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना आपल्याकडे सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. २८ लाखांपासून इथवर यायला सत्तरवर वर्षं लागली.

खडीवाली
मी जास्त शिकलेली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. ७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षाची होते, आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची, मिलो ज्वारी मिळायची. तिथं पहिल्यांदा माझ्या आईच्या हातात तिचा स्वतःचा पगार आला. घरच्या रानात ती रोज राबायची पण त्याचा पैसा कधी तिच्या हातात नाही. कामावर शेकड्यानं बाया एकत्र, जेवणाच्या सुट्टीत बोलणं व्हायचं, मोजमापात मुकादम फसवतो म्हणून एकदा सगळ्या बाया काम सोडून बसल्या. माझी आई पण बसली. घरी तिनं कधी आवाज चढवला नव्हता. मुकादमाला दुसऱ्या दिवशी माप परत घ्यायला लागलं.
ह्याला चळवळ म्हणतात का मला माहीत नाही.

निळी_पहाट
यालाच म्हणतात, मावशी.

रानजाई
मावशी, त्याच सुमाराला तिकडे शहाद्यात आदिवासी बाया दारूचे गुत्ते फोडत होत्या, मडकी उधळत होत्या, श्रमिक संघटनेच्या वेळी. आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर. १९७५ च्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद झाली तेव्हा त्यात शहरातल्या शिकलेल्या बायकांबरोबर शेतमजूर बाया पण होत्या. लोक म्हणतात स्त्रीमुक्ती परदेशातून आली. अहो, मोर्चाला लाटणं घेऊन जायचं कुठल्या परदेशात शिकवतात!

बाभूळ
लाटण्याचा मुद्दा जोरात :)
आमच्या आईचं लाटणं त्या मोर्चाला जाऊन आलंय, एका टोकाला चीर पडलीये, तरी पोळ्या त्याच्यावरच. नवीन आणून दिलं तर कपाटात ठेवून दिलं तिने.

चष्मिष
मुस्लिम बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. १८ एप्रिल १९६६, मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा. हमीद दलवाई बरोबर होते. मागणी, तोंडी तलाक बंद करा, समान कायदा करा. सात जणी फक्त. घरचे, मोहल्ल्यातले, नातेवाईक सगळे विरोधात असताना सात जणी. सुप्रीम कोर्टाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला २०१७ मध्ये, तो खटलाही बायकांनीच लावलेला. मधे ५१ वर्षं.
सातचा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. किती जणी होत्या असं विचारणाऱ्यांसाठी.

काळा_कोट
उशिरा आले. वकील आहे, तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघते, त्यामुळे मालमत्तेबद्दल लिहिते, थोडं लांबेल.
१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण हयातीपुरता, विकता येत नव्हता. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात मुलीच्या वाट्याची तरतूद होती, त्यावर संसदेत जे रण माजलं आणि बिल जे रखडलं त्यानंतर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला, विधवेचा हयातीपुरता वाटा पूर्ण मालकीचा झाला, मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा आला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलालाच राहिला. आपल्या राज्याने १९९४ मध्ये मुलीला जन्माने हक्क दिला, त्यातही २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे एकाच घरात थोरलीला नाही, धाकटीला आहे. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायची गरज नाही.
आता खरी गोष्ट. माझ्याकडे महिन्याला चार-पाच तरी हक्कसोडपत्रं येतात. वडील वारले, वारस नोंद लावायची, भाऊ बहिणींना घेऊन येतो. मी प्रत्येकीला बाजूला बसवून विचारते, ताई, काय सोडताय माहितीये का? सगळ्यांना माहिती असतं. तरी सही करतात. "माहेर तुटेल हो." एकीने मला सांगितलं, दिवाळीला भाऊ साडीचोळी करतो, दारात रांगोळी असते, ते गेलं तर मी जाऊ कुठे. तिच्या वाट्याला दोन एकर बागायत येत होती. तिच्यावर हसू नका कुणी. सासरी काही बिनसलं तर परत जायला तेवढं एकच दार असतं बाईला, आणि ते दार उघडं राहावं म्हणून ती दोन एकर मोजते.
म्हणून तुमचा मूळ प्रश्न, मिळाले की मिळवले, त्याला माझं उत्तर असं की कायद्याने दिलेलं पण प्रत्येक बाईला परत एकदा स्वतःच्या घरात मिळवावं लागतं. आणि ते कोर्टापेक्षा अवघड आहे.

जुना_वाचक
काळा_कोट, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही.
माझ्या दोन बहिणींनी १९९१ मध्ये माझ्या नावे सोडून दिलं होतं. मी मागितलं नव्हतं, पण नकोही म्हणालो नव्हतो. तेव्हा वाटलं रीतच आहे. थोरली आता नाही. धाकटीला आज फोन केला आणि सांगितलं की जमिनीतला तिचा भाग तिच्या नावे करायचा आहे. ती रडायला लागली, मला वाटलं आनंदाने, तर म्हणाली, "दादा, थोरली असताना का नाही रे केलास हा फोन?"
काय बोलणार. थोरलीच्या मुलीलाही तिचा भाग देणार आहे.

निळी_पहाट
काका, एवढं सगळ्यांसमोर लिहायलाही धैर्य लागतं.

विदर्भाचा_पाऊस
यावरून आठवलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, माझी आई ट्रकच्या हौद्यात बसून गेली होती, मी कडेवर. त्यानंतर काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती' निघाली, नवऱ्याने आपल्या जमिनीतला भाग बायकोच्या नावे करायचा, आणि गावात शंभर जणांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. हजारो बायकांच्या नावे जमीन झाली, कुठल्या कायद्याची सक्ती नसताना. आमच्या बाबांनी एक एकर केलं. सातबारा हातात आल्यावर आईने त्याला हळदकुंकू लावलं होतं, तो कागद अजून आहे, कुंकवाचा डाग दिसतो.

सुई_दोरा
एक राहिलं, नाहीतर वही अपुरी राहील. मथुरा खटला. १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, पोलीस ठाण्यातच आदिवासी मुलीवर बलात्कार. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, अंगावर खुणा नाहीत म्हणजे संमती असणार म्हणून. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, दोन बायका, दोन पुरुष: लोतिका सरकार, वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर. ८ मार्च १९८० ला गावोगाव मोर्चे निघाले. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की संमती नव्हती, तर कोर्ट ते धरून चालतं. आठवीच्या मुलीला कसं सांगायचं ते तू ठरव कोरांटी, पण सांग.

कोरांटी
सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. कोठडीचं ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "त्या मुलीला काय मिळालं पण?" मला उत्तर देता आलं नाही.
वही परत लिहिली तिने. पहिल्या पानावर मुक्ता साळवे आहे, वयासकट. सात जणींचा सात लाल पेनाने. जोतीराव, कर्वे, लोखंडे पण आहेत काका, आणि क्रियापदं बदलली आहेत, "मागितलं", "नाकारलं", "बसून राहिल्या". खडीवाली मावशींच्या आईचं अर्धं पान आहे, चालेल ना मावशी?
आणि एक झालं. ती आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोनवर विचारत होती की आजी तू हक्कसोड केलंस का. आई म्हणाली, मामांनी तेव्हा कसल्यातरी कागदावर सही घेतली होती, कसला ते तिने विचारलं नाही. साल ९६ की ९७. काळा_कोट ताई, आता कळू शकेल का तो कागद कसला होता?

खडीवाली
चालेल ना बाळा. आईचं नाव पण घाल म्हणावं तिला, नुसतं मावशीची आई नको. तुला वेगळं कळवते.

काळा_कोट
कोरांटी, कळेल. गट नंबर माहीत असेल तर त्या सालचा फेरफार उतारा काढा, तलाठी कार्यालयात नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो. त्यात लिहिलेलं असतं की आईचं नाव कशाच्या आधारे कमी झालं, नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्राने की नुसत्या जबाबावर. नोंदणी नसेल तर त्या सहीला फारसं बळ नाही, मग बोलू. आणि उतारा काढायला जाताना आईला बरोबर न्या, लेकीला पण.